आधी शेर शिवराज, शेवटी फर्जंद

ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन विषय कधी काढू नयेत. एक अप्रेझल, आणि दुसरा स्टार वॉर्स कुठल्या क्रमाने बघायचं. पहिल्यावर निदान सगळ्यांचं एकमत तरी असतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1977 साली पहिला सिनेमा आला, त्याला पुढे चौथा भाग म्हणायला लागले. 4, 5, 6 झाले आणि मग 1999 पासून 1, 2, 3 आले. स्टार ट्रेकचं तर विचारूच नका. मूळ मालिका 1966 ची, तिच्यामागे मालिका आणि सिनेमांची ही मोठी रांग, आणि 2001 मध्ये सुरू झालेली एंटरप्राइज घडते मूळ मालिकेच्या शंभरेक वर्षं आधी! नवख्याने सुरुवात करायची कुठून? एक पंथ म्हणतो रिलीजच्या क्रमाने बघा, दुसरा म्हणतो गोष्टीतल्या सनावळीने बघा. 2011 मध्ये एका अमेरिकन प्रोग्रॅमरने (आपल्यातलाच, वीकेंड मोकळा असणार) स्टार वॉर्ससाठी 4, 5, 2, 3, 6 असा क्रम काढला आणि पहिला भाग सरळ उडवून टाकला. पाचव्याच्या शेवटी एक मोठं गुपित फुटतं. ते आधी कळू नये, फुटल्यावर मागे जाऊन त्याची कथा बघावी, आणि मग शेवट. मला हा विचार आवडतो. नुसता क्रम लावण्यापेक्षा 'काय कळण्यासाठी आधी काय माहीत हवं' हा प्रश्न त्याने विचारला. आपण ज्याला डिपेंडन्सी म्हणतो तीच.

मराठीत हा प्रश्न मला पडला तो दिग्पाल लांजेकरांच्या शिवकालीन सिनेमांमुळे. श्रीशिवराज अष्टक म्हणून आठ सिनेमांची ही मालिका योजलेली आहे. त्यातल्या पहिल्या पाचांबद्दल बोलू. (2024 चा शिवरायांचा छावा संभाजीमहाराजांवर आहे, तो इथे धरलेला नाही.) रिलीजचा क्रम असा: 2018 मध्ये फर्जंद, 2019 मध्ये फत्तेशिकस्त, 2022 च्या फेब्रुवारीत पावनखिंड, त्याच एप्रिलमध्ये शेर शिवराज, 2023 मध्ये सुभेदार. आता यातल्या मुख्य घटनांची सालं बघा. कोंडाजी फर्जंदने पन्हाळा घेतला 1673. लाल महालावरचा छापा 1663. घोडखिंडीची लढाई 1660. अफजलखानाचा वध 1659. कोंढाणा 1670.

लक्षात आलं? पहिले चार सिनेमे बरोब्बर उलटे आहेत. 1673, 1663, 1660, 1659. जणू कुणी इतिहास स्टॅकमध्ये भरला आणि एकेक पॉप करत गेलं. लास्ट इन, फर्स्ट आउट. पाचव्याने मध्येच घुसून पॅटर्न मोडला एवढंच.

कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? गोष्टी तर चौथीच्या पुस्तकापासून पाठ आहेत. नेमकं हेच बिघडलंय. स्टार वॉर्समध्ये रिलीजचा क्रम पाळायचा तो गुपित टिकवण्यासाठी. इथे गुपित कसलं? खानाचं काय होणार, तानाजी परत येणार का, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळे शेवट आपल्याला माहीत आहेत, माहीत नसतात ती कारणं. वाघनखं, खिंड, बोटं, घोरपड अशी चार-पाच चित्रं डोक्यात सुटी सुटी असतात आणि एकातून दुसरं कसं निघालं हे विचारलं की आपण गप्प. आणि हे आजचंही नाही. बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये सिंहगड हा मूकपट काढला, ह. ना. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही थेट कड्यावरच उडी :-)

म्हणून माझा क्रम सनावळीचा. शेर शिवराज, पावनखिंड, फत्तेशिकस्त, सुभेदार, फर्जंद. पण नुसते एकामागून एक लावून उपयोग नाही. मध्ये ज्या फटी आहेत त्यातच खरी मजा आहे. आणि मी साताऱ्याचा, आजोळ वाळवा तालुक्यातलं, त्यामुळे जरा पक्षपाती असेन, पण या फटींत आमचे दोन जिल्हे खच्चून भरलेत.

शेर शिवराजपासून सुरू करू. जावळी महाराजांनी 1656 मध्ये मोऱ्यांकडून घेतली आणि तिथेच प्रतापगड बांधला. अफजलखान वाईला येऊन बसला, आणि वाई त्याला नवी नव्हती, पूर्वी तो तिथला सुभेदार होता. प्रदेश जाणणाऱ्या माणसाला त्याच प्रदेशातल्या एका अडचणीच्या खोऱ्यात उतरायला लावलं, हा खरा डाव. 10 नोव्हेंबर 1659 ला तो पूर्ण झाला. सिनेमात मुकेश ऋषी खान म्हणून अंगावर येतात, चिन्मय मांडलेकर महाराज. भेटीचा प्रसंग सगळ्यांना पाठ असूनही ताण टिकतो, हे दिग्दर्शकाचं यश.

आता इथे थांबा. पुढचा सिनेमा लगेच लावू नका.

पावनखिंड सुरू होतो तेव्हा महाराज पन्हाळ्यावर अडकलेले असतात. पण ते पन्हाळ्यावर पोचले कसे? कालपरवापर्यंत तर जावळीत होते, आणि पन्हाळा होता आदिलशहाचा. उत्तर असं की 28 नोव्हेंबरला, म्हणजे खान पडल्यावर अठराव्या दिवशी, पन्हाळा महाराजांच्या हातात होता. अठरा दिवस! आपल्याकडे तेवढ्यात एक स्प्रिंट संपत नाही. प्रमुखच मारला गेल्यावर आदिलशाही फौज विस्कळीत झाली, आणि ती सावरायच्या आत मराठे वाईवरून सरळ दक्षिणेला सुटले. वाटेत काय काय घेतलं त्याची यादी कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात आहे. खटाव, मायणी, मसूर, कराड, वाळवे, अष्टे, नेर्ले, कामेरी... पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी ही नावं पुन्हा वाचा. कराड सोडलं, कासेगाव मागे पडलं की नेर्ल्याची पाटी लागते, मग पेठ नाका, मग कामेरी. वीकेंडला आपण जिथून शंभरच्या स्पीडने जातो तोच हा पट्टा. आज गाडीने चार-पाच तासांचं अंतर. घोड्यांवर, ठाणी घेत घेत, बंदोबस्त लावत ते अठरा दिवसांत गेले.

या अठरा दिवसांवर सिनेमा नाही, कारण त्यात एक नायक नाही, एक खिंड नाही, एक रात्र नाही. भराभर कामं उरकत पुढे सरकणं आहे. मला मात्र आख्ख्या कथेत हाच भाग सगळ्यात थक्क करणारा वाटतो. वधाची योजना आखतानाच पुढच्या मोहिमेची तयारी झाली असली पाहिजे, नाहीतर हा वेग शक्यच नाही.

पुढे डिसेंबरअखेर कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमान आणि खानाचा मुलगा फाजलखान यांचा पराभव झाला. मग महाराजांनी मिरजेच्या किल्ल्याला वेढा घातला. मिरज काही पडेना. तेवढ्यात विजापूरहून सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन निघाल्याची खबर आली, तेव्हा मिरजेचा वेढा उठवून मार्च 1660 मध्ये महाराज पन्हाळ्यावर गेले. आता लावा पावनखिंड. सुरुवातीचा वेढा एकदम वेगळा दिसतो. चार महिन्यांत सव्वाशे मैल पुढे सरकलेला माणूस पहिल्यांदा अडला आहे.

हा मला पाचांतला सगळ्यात चांगला वाटतो. अजय पूरकरांचा बाजीप्रभू आणि बांदलांची सेना, विशेषतः खिंडीतला शेवटचा भाग. 12 जुलैच्या रात्री पन्हाळा सोडला, 13 ला खिंड लढवली. मात्र सिनेमा संपल्यावर एक प्रश्न विचारायचा: पन्हाळ्याचं पुढे काय झालं? महाराज निसटले तरी गड मराठ्यांकडेच होता. तो सप्टेंबर 1660 मध्ये महाराजांनी स्वतः आदिलशहाला देऊन टाकला. इतकं रक्त सांडून वाचवलेला गड सोडला, का?

कारण पुढच्या सिनेमात आहे, आणि तो पुढचा सिनेमा आधीच सुरू झालेला आहे! शाहिस्तेखान मे 1660 मध्येच पुण्यात येऊन बसला होता. म्हणजे पन्हाळ्याला वेढा आणि पुण्यात मोगल, दोन्ही एकाच वेळी चालू. दोन थ्रेड समांतर. चाकणला फिरंगोजी नरसाळ्याने दीड महिन्याच्या वर किल्ला झुंजवला, ऑगस्टमध्ये तो पडला. दोन शत्रूंशी एकदम लढणं शक्य नव्हतं, म्हणून एक आघाडी पन्हाळा देऊन बंद केली. रिलीजच्या क्रमाने फत्तेशिकस्त आधी आणि पावनखिंड नंतर पाहणाऱ्याला हा सौदा कळायचा मार्गच नाही. शाहिस्तेखान आकाशातून पडल्यासारखा पुण्यात येतो आणि तीन बोटं गमावून जातो. खरं तर तो तीन वर्षं पुण्याच्या उरावर बसला होता. 5 एप्रिल 1663 चा छापा हा त्या तीन वर्षांच्या कोंडीवरचा उपाय होता.

फत्तेशिकस्तनंतर मात्र मोठा खड्डा आहे. 1663 वरून सुभेदार उडी मारतो ती 1670 वर. मध्ये सुरत, मिर्झाराजे जयसिंग, पुरंदरचा तह, आग्रा. कोंढाणा मोगलांकडे गेलाच कसा हे 1665 च्या तहाशिवाय समजत नाही. तेवीस किल्ले द्यावे लागले, कोंढाणा त्यातला एक. आणि एक छोटी गोष्ट जी पुस्तकात पटकन निसटते. तहानंतर मोगलांच्या बाजूने आदिलशाहीवर जावं लागलं तेव्हा, जानेवारी 1666 मध्ये, महाराजांनी पन्हाळ्यावर पुन्हा हल्ला केला होता. फसला. नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, आणि त्यातून जे बिनसलं ते बिनसलंच. तर सुभेदार लावण्याआधी तासभर एखादं चांगलं शिवचरित्र उघडून 1664 ते 66 वाचा. मग तानाजी का हट्टाला पेटलाय ते कळतं.

(कलाकारांचा घोळ आधीच सांगून ठेवतो. पावनखिंडीत धारातीर्थी पडलेले अजय पूरकर सुभेदारमध्ये तानाजी म्हणून परत येतात. कोंडाजी झालेले अंकित मोहन पावनखिंडमध्ये रायाजी बांदल आहेत. पाचांत महाराज मात्र कायम. घरच्या ज्येष्ठांना बरोबर घेऊन बसणार असाल तर 'हा मघाशी मेला ना?' याची तयारी ठेवा.)

आणि मग शेवटी फर्जंद. पाचांत सगळ्यात आधी बनलेला, त्यामुळे पुढच्यांपेक्षा जरा कच्चा, काही ठिकाणी संवाद फारच टाळ्यांसाठी लिहिलेले. 2018 मध्ये मी तो पाहिला तेव्हा साठ मावळ्यांनी रात्रीत एक गड घेतला अशी एक धाडसकथा म्हणून आवडला होता. पण पाचवा म्हणून बघा. हा कुठलातरी गड नाही. 1659 मध्ये अठरा दिवसांत मिळालेला, 1660 मध्ये बाजीप्रभूंच्या रक्तानंतरही द्यावा लागलेला, 1666 मध्ये हुकलेला पन्हाळा आहे. नोव्हेंबर 1672 मध्ये अली आदिलशहा वारला, गादीवर लहान पोर बसलं, दरबारात ओढाताण सुरू झाली, आणि 6 मार्च 1673 ला कोंडाजीने तो घेतला. तेरा वर्षांचं येणं वसूल. त्याच सुमारास जयराम पिंड्ये याने या घटनेवर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' नावाचं संस्कृत काव्य रचलं. एका गडावर आख्खं काव्य! समकालीनांना त्याची किंमत पुरती ठाऊक होती.

पन्हाळा आल्यावर बंधारा फुटावा तसं झालं. एप्रिलमध्ये परळी (आजचा सज्जनगड) आला, जुलैमध्ये साताऱ्याचा किल्ला. आमच्या अजिंक्यताऱ्याची स्वराज्यातली एंट्री ही अशी, फर्जंदच्या शेवटाला जोडून. इकडे पन्हाळा गेला म्हणून चिडलेल्या विजापूरने बहलोलखानाला धाडलं. त्याला प्रतापराव गुजरांनी त्याच एप्रिलमध्ये उमराणीला गाठलं. उमराणी जत तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या पार कडेला. एप्रिलचा जत ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तिथे पाणी अडवलं की लढाई अर्धी संपते. प्रतापरावांनी तेच केलं. खान शरण आला आणि त्यांनी त्याला जाऊ दिलं. महाराजांना ते अजिबात रुचलं नाही. ते बोल लागले, आणि फेब्रुवारी 1674 मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी त्याच बहलोलखानावर तुटून पडले. त्यानंतर चारच महिन्यांनी रायगडावर राज्याभिषेक.

प्रतापराव खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे. अठरा दिवसांच्या त्या यादीतलं पहिलं नाव खटावच होतं. या पाच सिनेमांत उमराणी ते नेसरी हा प्रवास नाही, पण माझ्या यादीत फर्जंदच्या खाली सहावी ओळ मी त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे.