पुरवठा, भार आणि जोड : ठाकुर्लीच्या वीजगृहापासून घरगुती संगणकातील ग्राफिक्स कार्डापर्यंत

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा प्रक्रियकाचा वेग, स्मृतीची क्षमता आणि आज्ञावलींचा विकास या अंगांनी झालेले दिसते. या सर्वांना चालविणारी वीज संगणकात कशी शिरते, कोणत्या तारेतून जाते आणि कोणत्या जोडावर अडते, हा प्रश्न दुय्यम मानला गेला. प्रस्तुत लेखात ग्राफिक्स कार्डाला वीजपुरवठा जोडण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या याचा आढावा घेतला असून, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराच्या विद्युत-इतिहासाशी त्याची सांगड घातली आहे. वरकरणी हे दोन विषय परस्परांपासून दूर वाटतात. तथापि कमी दाबाने मोठी शक्ती वाहून न्यायची झाल्यास प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तार व जोड तापतात, ही अडचण दोहोंकडे एकच आहे.

रेल्वेमार्गावरील पूर्वानुभव

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवरील गाडी सुरू केली. त्यासाठी १५०० व्होल्ट एकदिश दाबाची प्रणाली निवडण्यात आली. पुढे विद्युतीकरण कल्याणपलीकडे घाटमार्गांपर्यंत गेले आणि त्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे रेल्वेचे स्वतःचे औष्णिक वीजगृह १९२९ मध्ये कार्यान्वित झाले. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधोमध उभ्या असलेल्या या वीजगृहाने अनेक दशके रेल्वेला वीज पुरविली.

१५०० व्होल्टची प्रणाली त्या काळातील इंजिनांना सोयीची होती. परंतु गाड्यांची संख्या आणि भार वाढत गेला तशी तिची मर्यादा स्पष्ट झाली. तीच शक्ती २५,००० व्होल्टने पुरविल्यास प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा पुरतो. कमी दाबाच्या प्रणालीत मात्र जाड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे अपरिहार्य ठरतात. मुंबई उपनगरीय मार्गांचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रणालीत रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील बदलाने ते पूर्णत्वास गेले. भार वाढला म्हणून दाब वाढवावा लागला, हे या नव्वद वर्षांच्या कालखंडाचे सार होय.

संगणकाच्या पेटीतील तोच प्रश्न

१९८१ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाचा वीजपुरवठा संच अवघ्या ६३.५ वॅटचा होता. चित्रदर्शक कार्ड मुख्य फलकावरील खाचेतूनच वीज घेत असे. त्याला स्वतंत्र तार जोडण्याचा प्रश्नच नव्हता. १९९५ साली इंटेलने एटीएक्स मानक प्रसिद्ध केले. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे मुख्य दाब निश्चित झाले. १९९७ पासून प्रचारात आलेल्या एजीपी खाचेने ग्राफिक्स कार्डाला स्वतंत्र मार्ग दिला. परंतु त्रिमितीय चित्रांची मागणी वाढताच ही खाच अपुरी पडू लागली.

२००० साली आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू ५ ५५०० या कार्डावर हार्ड डिस्कला लागतो तसाच चार खिळ्यांचा जोड बसविलेला होता. कार्डाला थेट वीजपुरवठा संचातून तार आणावी लागली, हे त्या काळातील ग्राहकांना नवलाचे होते. २००२ मधील एटीआय रेडिऑन ९७०० प्रो या कार्डाने फ्लॉपी ड्राइव्हचा लहान जोड वापरला. म्हणजे नवी गरज भागविण्यासाठी जुन्या उपकरणांचे जोड उसने घेण्यात आले. ही तात्पुरती व्यवस्था होती.

२००० च्याच सुमारास प्रक्रियकाच्या बाबतीत महत्त्वाचा बदल झाला. तोवर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर पडणारा मोठा भार १२ व्होल्टच्या तारेवर हलविण्यात आला आणि त्यासाठी चार खिळ्यांचा वेगळा जोड आला. दाब वाढवून प्रवाह कमी करण्याचा जो मार्ग रेल्वेने अवलंबिला, तोच येथे लहान प्रमाणावर अनुसरला गेला. पीसीआय एक्सप्रेस मानकाने ग्राफिक्स कार्डालाही हीच शिस्त लावली. खाचेतून ७५ वॅट, सहा खिळ्यांच्या जोडातून आणखी ७५ वॅट आणि पुढे आलेल्या आठ खिळ्यांच्या जोडातून १५० वॅट अशी विभागणी ठरली. यांतील खाचेतील शक्तीचाही बहुतांश भाग १२ व्होल्टचाच होता.

येथे एक धोका नमूद करणे आवश्यक आहे. प्रक्रियकाचा आठ खिळ्यांचा जोड आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ खिळ्यांचा जोड दिसायला सारखे असले, तरी त्यांतील धन व ऋण तारांची जागा उलट असते. खिळ्यांचे आकार वेगळे ठेवून चूक टाळण्याची योजना केलेली आहे. बळजबरीने बसविल्यास मात्र ती निष्फळ ठरते. ज्या वीजपुरवठा संचांच्या तारा सुट्या होतात, त्यांच्या संचाकडील टोकाची रचना कोणत्याही समान मानकाने बांधलेली नाही. एका कंपनीची तार दुसऱ्या कंपनीच्या संचाला लावल्यास उपकरण जळण्याचा संभव असतो.

स्थानिक संदर्भ : घरातील वीज आणि जबाबदारीचे स्थलांतर

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींचा आरंभ झाला. डोंबिवलीतही अशी वसाहत उभी राहिली. त्याआधी २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले होते. ६ जून २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. नेमक्या याच काळात नोकरदार मध्यमवर्गाच्या घरांत संगणक स्थिरावत होता. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्थानिक विक्रेत्याकडून जोडून घेतलेला संगणक हा तयार संगणकाला स्वस्त पर्याय होता. अशा जोडणीत कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस हा सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग असे.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महावितरणच्या क्षेत्रात भारनियमन तीव्र झाले. मुंबई शहराला त्याची झळ फारशी बसली नाही. मुंबईच्या वेशीपलीकडील ग्राहकाला मात्र वीज जाण्याच्या वेळा ध्यानात ठेवून कामाची आखणी करावी लागे. वितरण-हानी आणि वसुली यांनुसार विभागांची वर्गवारी होऊन भारनियमनाचे तास ठरत. यूपीएस ही या परिसरातील संगणकधारकाची गरज बनली. परंतु यूपीएसची क्षमता वीजपुरवठा संचाप्रमाणेच मर्यादित असते. नवे ग्राफिक्स कार्ड बसविणाऱ्यास कार्ड, एसएमपीएस, यूपीएस, घरातील तारा आणि अर्थिंग अशी संपूर्ण साखळी तपासावी लागते. त्यांतील सर्वांत दुबळा दुवाच एकूण मर्यादा ठरवतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांसह पारेषण यंत्रणेत बिघाड होऊन मुंबई व ठाणे परिसराचा पुरवठा खंडित झाला. टाळेबंदीमुळे घरूनच काम आणि शिक्षण चालू असल्याने घरातील संगणक आणि जिल्ह्यातील उच्चदाब वाहिनी ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, हे त्या दिवशी प्रत्ययास आले.

अलीकडील वळण

२०२२ मध्ये एकाच जोडातून ६०० वॅटपर्यंत शक्ती नेणारे नवे मानक व्यवहारात आले. १२ व्होल्ट दाबाला ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. सहा खिळ्यांत वाटल्यास प्रत्येकी सुमारे ८.३ अँपिअर. जुन्या आठ खिळ्यांच्या जोडात हेच प्रमाण तीन खिळ्यांवर प्रत्येकी सुमारे ४.२ अँपिअर होते. भिंतीतील २३० व्होल्टच्या सॉकेटमधून हीच शक्ती, संचातील घट वगळता, अवघ्या २.६ अँपिअर प्रवाहाने येते. ऑक्टोबर २०२२ पासून एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे जोड वितळल्याच्या घटना उजेडात आल्या. जोड पूर्णपणे न बसणे हे प्रमुख कारण असल्याचे कंपनीने सांगितले. २०२३ मध्ये मानकात सुधारणा झाली. संकेताचे खिळे आखूड केल्यामुळे, जोड पुरता बसला नसेल तर कार्डाने वीज घेऊ नये अशी योजना त्यात आहे. वापरणाऱ्याने जोड नीट बसविला असेल असे केवळ गृहीत न धरता ती खात्री रचनेतच अंतर्भूत करण्याचा हा प्रयत्न होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भार वाढला की दाब वाढविणे किंवा वाहक जाड करणे याखेरीज तिसरा सोपा मार्ग नाही. रेल्वेने अखेरीस पहिला मार्ग स्वीकारला, संगणकाने ५ वरून १२ व्होल्टपर्यंत येऊन तेथेच मुक्काम केला आणि त्यापुढचा भार जोडांवर टाकला. दुसरी, पूर्वी निर्मात्याकडे असलेली जुळवणीची जबाबदारी सुट्या भागांच्या बाजारपेठेमुळे विक्रेत्याकडे आणि अखेर ग्राहकाकडे सरकली. रेल्वेच्या बदलासाठी अभियंत्यांची फौज होती. घरातील बदल मात्र एखादा विद्यार्थी एकटाच करीत असतो. तिसरी, सुरक्षितता केवळ सूचनापत्राने येत नाही. चूक झाली तरी अपघात होऊ नये अशी रचना असणे, हेच विद्युत-व्यवस्थेच्या प्रगतीचे खरे मोजमाप मानावे लागेल.