नाम, क्रियापद आणि विशेषण : शब्दजातींच्या कसोटीचा इतिहास आणि मराठी विद्यार्थी

प्रस्तावना

कोल्हापुरातील इंग्रजी शिक्षणाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२-१९०१) यांचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण याच नगरात झाले. तेव्हापासून आजतागायत येथील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासमोर एक अडचण कायम आहे. इंग्रजी वाक्यातील नाम कोणते, क्रियापद कोणते आणि विशेषण कोणते, हे तो खात्रीने सांगू शकत नाही. हा दोष बहुधा त्याच्या बुद्धीचा किंवा कष्टांचा मानला जातो. वस्तुतः त्याच्या हाती दिलेली कसोटीच अपुरी आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

शब्दजातींची पूर्वपीठिका

शब्दांच्या जाती सर्व भाषांत व सर्व काळांत सारख्याच मानल्या गेल्या, असे नाही. यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग मानले. पाणिनीने पदाचे सुबन्त व तिङन्त असे दोन भेद केले. विशेषण हा स्वतंत्र वर्ग यांपैकी कोठेही नाही. ते नामातच समाविष्ट आहे. ग्रीक व लॅटिन व्याकरणांतही आठ शब्दजाती होत्या, परंतु विशेषण हा नामाचाच एक प्रकार समजला जाई. त्या भाषांत दोहोंना सारखेच विभक्तिप्रत्यय लागत असल्याने हे स्वाभाविक होते. इंग्रजी विशेषणाला असे प्रत्यय उरले नव्हते. अठराव्या शतकातील इंग्रजी व्याकरणांत ते नामापासून वेगळे मानण्याची प्रथा दृढ झाली. लिंडले मरे यांच्या १७९५ च्या प्रसिद्ध व्याकरणात उपपदासह नऊ शब्दजाती आहेत.

मराठीतील स्वीकार

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा प्रभाव होता. पुढे आठ शब्दजातींची व्यवस्था मराठी शालेय व्याकरणात रुजली. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात तिची सविस्तर चिकित्सा आढळते. वर्गांची नावे अशी जवळजवळ समांतर झाल्यामुळे ते वर्ग ओळखण्याची रीतही दोन्ही भाषांत एकच असावी, असा समज वर्गात नकळत दृढ झाला.

रूप आणि स्थान

मराठीत शब्दाचे रूप त्याची जात सांगते. 'खेळ' हा शब्द नामही आहे आणि आज्ञार्थी क्रियापदही. परंतु प्रत्यय लागताच 'खेळाला' आणि 'खेळला' असा भेद स्पष्ट होतो. पहिल्यात सामान्यरूप आहे, दुसऱ्यात भूतकाळ. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' यांत विशेषण लिंगानुसार बदलते.

प्राचीन इंग्रजीतही अशी सोय होती. प्रेम या अर्थाचे नाम 'लुफू' आणि प्रेम करणे या अर्थाचे क्रियापद 'लुफियान' अशी भिन्न रूपे होती. पुढील काही शतकांत अंत्य प्रत्यय झिजत गेले आणि दोहोंच्या जागी 'लव्ह' हे एकच रूप उरले. आज 'प्लेज' हे रूप नाटके या अर्थी अनेकवचनी नाम असते आणि 'तो खेळतो' या अर्थी क्रियापदही. त्याच्या आधी 'द' आले तर ते नाम, 'ही' आले तर क्रियापद. येथे जात ठरते ती स्थानावरून. 'स्टोन वॉल' यातील 'स्टोन' विशेषणाचे काम करतो, पण 'व्हेरी स्टोन' असे म्हणता येत नाही. म्हणून तो नामच राहतो. 'व्हेरी ओल्ड' मात्र चालते.

अशा वाक्यचौकटींच्या आधारे इंग्रजी शब्दांचे वर्ग पाडण्याचा पद्धतशीर प्रयत्न अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांनी १९५२ मध्ये केला. आपल्या वर्गात मात्र 'वस्तूचे नाव ते नाम, क्रिया दाखविणारा शब्द ते क्रियापद' ही अर्थाधिष्ठित व्याख्याच प्रामुख्याने पाठ करून घेतली जाते. या व्याख्येनुसार 'धावणे' ही क्रिया असूनही 'त्याचे धावणे' यात ते नाम का, याचे उत्तर मिळत नाही. मराठीत रूप विद्यार्थ्याला सावरून घेते. इंग्रजीत तो निराधार होतो.

निष्कर्ष

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. विषय लवकर आला, पण त्यामुळे कसोटी आपोआप बदलत नाही. अर्थावरून अंदाज, रूपावरून पडताळा आणि स्थानावरून निर्णय, असा क्रम शिक्षकाने घालून दिल्यास आणि 'खेळाला-खेळला' यांसारख्या मराठी जोड्यांपासून आरंभ केल्यास, विद्यार्थ्याचे मातृभाषेचे ज्ञान अडसर न ठरता आधार ठरेल. ज्या व्यवस्थेची नावे आपण सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी स्वीकारली, तिची इंग्रजीला लागू पडणारी कसोटी वर्गापर्यंत पोहोचविणे हे आजच्या भाषाशिक्षकाचे कर्तव्य आहे.