सेवा आणि विसावा : हिस्लॉप व हंटर

परोपकारी मनुष्यानें स्वतःच्या देहाची चिंता किती वाहावी, हा प्रश्न धर्मशील माणसांस नेहमींच अवघड वाटत आला आहे. ख्रिस्ती धर्मांत तो अधिकच बिकट होतो. एकीकडे क्रूस उचलून चालण्याची आज्ञा आहे. दुसरीकडे शेजाऱ्यावर प्रेम करावयाचें तें स्वतःवरील प्रेमाच्या मापानें, असाहि दंडक आहे. सेवा करून थकलेल्या शिष्यांना येशूनें एकांतांत जाऊन विसावा घेण्यास सांगितल्याची हकीकत मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. नागपुरांतील दोन स्कॉटिश मिशनऱ्यांच्या चरित्रांत या दोन्ही आज्ञांची कसोटी लागली.

स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले, तेव्हां येथें भोसल्यांचें राज्य होतें. पुढल्याच वर्षीं त्यांनीं शाळा काढली. अध्यापन, धर्मोपदेश, मराठीचा अभ्यास आणि गोंडादि जमातींच्या भाषांचा व चालीरीतींचा शोध, असा मोठा भार त्यांनीं उचलला होता. थोड्याच काळानें रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी झाले.

या दोघांचा विसावा होता दगडांत! फिरावयास जावें, खडक न्याहाळावे, हा त्यांचा छंद. १८५१ मध्यें शहराजवळील टाकळी येथें त्यांना जीवाश्म सांपडले. आणि १८५५ मध्यें नागपूरच्या भूस्तरांवरील त्यांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र-संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. विश्रांति म्हणजे आळस नव्हे, मनाला दुसऱ्या वाटेनें नेणें होय, हें त्यांच्या उदाहरणानें स्पष्ट होतें.

परंतु छंदानें मन ताजें राहिलें तरी शरीर तेवढ्यानें सांवरतेंच असें नाहीं. १८५५ मध्यें प्रकृति ढासळल्यामुळें हंटर यांना मायदेशीं परतावें लागलें. रणांगण सोडल्याचा दोष अशा माणसाला सहज दिला जातो. तथापि हंटर त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक जगले. आपल्या चर्चच्या मिशनांचा इतिहास त्यांनीं लिहिला, एका विशाल इंग्रजी ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचें संपादन केलें, आणि १८९७ मध्यें त्यांचें निधन झालें. त्यांची सेवा थांबली नाहीं. तिचें स्थळ तेवढें बदललें.

हिस्लॉप यांनीं नागपुराशीं असलेलें नातें अखेरपर्यंत राखलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास गेले. मंडळी बोरीस परतली. हिस्लॉप मात्र गांवच्या शाळेची परीक्षा घेण्यासाठीं मागें राहिले. काळोखांत एकटेच घोड्यावरून येतांना पुराच्या ओढ्यांत ते बुडाले. वयाचीं ४६ वर्षें पुरीं होण्यास चारच दिवस उरले होते.

त्या मृत्यूला अविचार म्हणणें अन्यायाचें होईल; पावसाळ्यांतील ओढा कोणासहि फसवितो. पण तो मृत्यू वंदनीय म्हणून हंटर यांचें परत जाणें हीन ठरत नाहीं. देह हें पवित्र आत्म्याचें मंदिर होय, ही पौलाची शिकवण मानणाऱ्यास मंदिराची डागडुजी हीहि उपासनाच आहे. १८८३ मध्यें निघालेल्या महाविद्यालयानें हिस्लॉप यांचें नांव नागपुरांत चिरंतन केलें, हें योग्यच झालें. मात्र त्या नांवाचा आदर करतांना, वेळींच थांबून दीर्घकाळ उपयोगीं पडलेल्या त्यांच्या सोबत्याचेंहि स्मरण ठेवावें. प्राण वेंचणें हा सेवेचा एक प्रकार आहे. प्राण राखून तो पुन्हा कामीं लावणें हा दुसरा.