हद्दीच्या रेघा कोणी ओढायच्या?

२००८ साली आपल्याकडे मतदारसंघांची पुनर्रचना झाली, तेव्हा अनेक गावे एका मतदारसंघातून दुसऱ्यात गेली. आपल्याकडे हे काम आयोग करतो. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत ते विधिमंडळाकडेच आहे. म्हणजे ज्यांना निवडून यायचे आहे, तेच आपल्या शेताचा बांध घालणार!

यातली लबाडी जुनी आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या कायद्यात एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की बोस्टनच्या वृत्तपत्राने त्याचे सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या रूपात व्यंगचित्र छापले. दोन्ही नावे जोडून 'जेरीमँडर' शब्द झाला. गंमत म्हणजे त्या गृहस्थांचे आडनाव 'गेरी' होते, 'जेरी' नव्हे; शब्दाने त्यांचा उच्चारही बिघडवला.

१९६०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांची लोकसंख्या सारखी हवी असे ठरवले. त्यामुळे दर दहा वर्षांनी, जनगणना झाली की रेघा नव्याने ओढणे आले. पुढे संगणक आले, पण महागडे. ते पक्षांच्या बंद खोल्यांतच राहिले. सामान्य माणसाच्या हाती पेन्सिल आली ती २००९च्या सुमारास. सिॲटलमधील डेव्ह ब्रॅडली या प्रोग्रॅमरने इंटरनेटवर एक मोफत साधन ठेवले. नकाशावर एकेका भागावर क्लिक करून रंग भरायचा आणि बाजूला लोकसंख्येचा आकडा बदलताना पाहायचा. लहान मुलांच्या चित्रवहीसारखेच म्हणा ना!

घरी बसून काढलेल्या नकाशाला वजन येऊ शकते, हे पेनसिल्व्हेनियात दिसले. पियानो शिकवणाऱ्या अमांडा होल्ट यांनी जनगणनेचे आकडे घेऊन राज्य विधिमंडळाचा पर्यायी नकाशा तयार केला. अगदीच गरज असल्याशिवाय गावे-शहरे तोडू नयेत, असे तिथली राज्यघटना सांगते. होल्टबाईंच्या नकाशात ती कितीतरी कमी तुटत होती. २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या नकाशाचा आधार घेत सरकारी आराखडा परत पाठवला.

फ्लोरिडाची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे २०१० मध्ये साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनादुरुस्ती करून, पक्षाच्या फायद्यासाठी हद्दी आखायला बंदी केली. मग विधिमंडळाने जाहीर सभा घेतल्या, संकेतस्थळावर नकाशा काढण्याची साधने दिली आणि लोकांना सांगितले, तुम्हीही नकाशे पाठवा. लोकांनी पाठवलेही. २०१२ मध्ये मंजूर झालेल्या नकाशाविरुद्ध दावा लागला. सुनावणीत एका माजी विद्यार्थ्याच्या नावाने आलेला नकाशा पुढे आला. त्यातले काही भाग मंजूर नकाशाशी जुळत होते. त्या तरुणाने शपथेवर सांगितले, "हा नकाशा मी काढला नाही, मी पाठवला नाही आणि ते ई-मेलचे खातेही माझे नाही."

पक्षाच्या सल्लागारांनी आपले नकाशे इतरांच्या नावाने आत सरकवले होते. दार लोकांसाठी उघडले होते, आणि त्याच दारातून जुनी मंडळी नागरिकाचा मुखवटा लावून आत आली. मला यात सर्वांत वाईट वाटते ते त्या प्रामाणिक माणसांचे, ज्यांनी रात्री जागून नकाशे रंगवले. त्यांच्या गर्दीचा उपयोग झाला तो चोराला लपायला.

२०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने ही लबाडी नोंदवली. जुलै २०१५ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ पैकी आठ मतदारसंघ नव्याने आखायला सांगितले. नवा नकाशा २०१६च्या निवडणुकीत वापरला गेला. तोवर जुन्या नकाशावर २०१२ आणि २०१४ अशा दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या.