शाळेच्या ओट्यावर पोषणाचा धडा

भाजी चिरणे, कणीक मळणे, ताजे-शिळे ओळखणे ही कौशल्ये एके काळी घरातच मुलांच्या हाती येत. तयार अन्नाचे पाकीट उघडून ते गरम करण्यापुरताच स्वयंपाक उरलेल्या घरांत ही परंपरा खंडित होते. इंग्लंडमध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी शाळांतील पाककला मंडळांचा मोठा प्रयोग झाला.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील शाळांना स्वयंपाक नवा नव्हता. मुलींना पाककला शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांना १८८२ पासून सरकारी अनुदान मिळत असे. १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि हा विषय ‘फूड टेक्नॉलॉजी’ म्हणून मुलगे व मुली दोघांनाही शिकविला जाऊ लागला. मात्र भर पदार्थाची आखणी, वेष्टन आणि विक्री यांवर राहिला. मुले पिझ्झा रांधण्याऐवजी पिझ्झाचे खोके रंगवितात, अशी टीका त्यावर होत असे.

२००५ मध्ये जेमी ऑलिव्हर या बल्लवाचार्याने दूरचित्रवाणी मालिकेतून शालेय भोजनाची दुरवस्था मांडली. त्याच वर्षी सरकारने ‘स्कूल फूड ट्रस्ट’ स्थापन केला. या संस्थेने २००७ साली लॉटरी निधीतील २ कोटी पौंडांच्या साह्याने ‘लेट्स गेट कुकिंग’ ही योजना हाती घेतली. देशभरात ५ हजार मंडळे उभारण्याचे तिचे उद्दिष्ट होते.

मंडळाचे कामकाज

मंडळ सहसा शाळा सुटल्यावर भरते. शिक्षक, शाळेतील कर्मचारी किंवा पालक यांना आधी प्रशिक्षण दिले जाते. हात धुणे, ओटा पुसणे, कच्चे मांस व भाज्या वेगळ्या ठेवणे येथून आरंभ होतो. सुरी धरण्याच्या दोन पद्धती शिकवितात. पहिलीत अंगठा व बोटे यांची कमान करून तिच्याखालून सुरी फिरवायची. दुसरीत बोटांची टोके आत वळवून भाजी धरायची. पुढे सूप, पाव, भाज्यांचे सॅलड असे सोपे पदार्थ येतात. वजन-मापे, वाणसामानाचा हिशेब आणि वेष्टनावरील मजकुराचे वाचनही त्यातच घडते.

पोषणाचा पाठ स्वतंत्र व्याख्यानाने द्यावा लागत नाही. दिवसाला फळे-भाज्यांचे किमान ५ भाग, प्रत्येकी ८० ग्रॅम, हा ब्रिटनमधील प्रौढांसाठीचा दंडक; मुलांचा भाग वयानुसार लहान. तराजूवर एकदा मोजलेला असा भाग मुलांच्या लक्षात राहतो. स्वतः चिरलेली, रांधलेली भाजी चाखून पाहण्यास मूलही सहज तयार होते. पालकांनाही सहभागी करून घेतल्याने शाळेत शिकलेला पदार्थ घरच्या चुलीपर्यंत पोहोचतो. योजनेचे खरे बळ येथेच होते.

मर्यादा

ऐच्छिक मंडळात सारीच मुले येत नाहीत. साहित्याचा खर्च, ओट्यांची अपुरी संख्या आणि शिक्षकांचा वेळ या अडचणी कायमच्या. शिवाय अनुदानावर उभे राहिलेले काम अनुदान आटले की डळमळते. पुढे ‘चिल्ड्रन्स फूड ट्रस्ट’ असे नाव घेतलेली ही संस्था निधीअभावी २०१७ साली बंद पडली.

तोपर्यंत एक बदल मात्र झाला होता. सप्टेंबर २०१४ पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वयंपाक व पोषण अनिवार्य ठरले. ‘अकॅडमी’ प्रकारच्या शाळांना मात्र तेव्हा तो अभ्यासक्रम बंधनकारक नव्हता. २०१६ पासून शिकविल्या जाऊ लागलेल्या नव्या जीसीएसई विषयात विद्यार्थ्याने ३ तासांत ३ पदार्थ करून दाखविण्याची अट आली.

मंडळाने गोडी लावली, तरी ज्या घरात कोणीच रांधत नाही, त्या घरातील मुलापर्यंत हे शिक्षण पोहोचण्याची खात्री वेळापत्रकातील हक्काचा तासच देऊ शकतो.