कॉम्रेड्स मॅरेथॉन : ५४ वर्षांनी उघडलेला दरवाजा

दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग शहर आपल्याला गांधीजींमुळे माहीत आहे. १८९३ मध्ये केवळ रंगामुळे त्यांना इथल्याच स्टेशनवर रेल्वेतून उतरवले गेले. हे शहर आणि डरबन यांच्या दरम्यान दरवर्षी सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. एका वर्षी डरबनहून चढाची, तर पुढच्या वर्षी उलटी, उताराची.

पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या साथीदारांच्या आठवणीत माजी सैनिक विक क्लॅपहॅम यांनी २४ मे १९२१ रोजी ही शर्यत सुरू केली. ३४ जण धावले, १६ पोहोचले. बिल रोवन ८ तास ५९ मिनिटांत पहिले आले.

मात्र अधिकृत प्रवेश फक्त गोऱ्या पुरुषांनाच होता. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या महिलेने आणि १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली या कृष्णवर्णीय धावपटूने परवानगीविनाच शर्यत पूर्ण केली. मेहनत तेवढीच, पण अधिकृत नोंद नाही!

सर्वांना हा हक्क मिळाला तो १९७५ मध्ये. १९८९ मध्ये सॅम त्शाबालाला पहिले कृष्णवर्णीय विजेते ठरले. तेव्हाही देशात वर्णभेदाची राजवट चालूच होती. सरकारचा कायदा बदलायच्या आधी रस्त्यावरचा निकाल बदलला होता.