पुनरावृत्ती (मानसशास्त्रीय संशोधन)

आधी झालेला प्रयोग नव्या सहभागींवर, शक्यतो मूळच्याच पद्धतीने पुन्हा करून त्याचा निष्कर्ष टिकतो का, हे तपासण्याची रीत.

तिची निकड २०११ साली फार प्रभावीपणे दिसली. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या संशोधकांनी एक अशक्य निष्कर्ष छापला : बीटल्सचे एक गाणे ऐकलेल्या विद्यार्थ्यांचे वय सुमारे दीड वर्षाने कमी भरले! आकडे खरे होते. किती सहभागींवर थांबायचे, कोणती मापे सांगायची आणि कोणती गाळायची, हे मात्र निकाल पाहून ठरवले होते. धोका दाखवण्यासाठी, मुद्दाम. पी-मूल्य (परिणाम मुळात नसताना इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली गेले की निष्कर्ष सार्थक मानण्याची रूढी आहे. म्हणजे परिणाम मुळात नसतानाही शंभरातल्या सुमारे पाच चाचण्या सार्थक दिसतात. निकाल पाहून ठरवण्याच्या अशा चार सवलती एकत्र घेतल्या, तर हे प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवर जाते.

ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करण्यात आले; त्यांचे निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळचे ९७ टक्के निष्कर्ष सार्थक होते. या वेळी ३६ टक्केच तसे निघाले, आणि परिणामांचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. उरलेले सारे खोटे ठरतात असे नव्हे, कारण एखादी पुनरावृत्तीही योगायोगाने फसू शकते.

निकाल पाहून निवड करणे टळावे म्हणून आता अनेक संशोधक माहिती गोळा करण्याआधीच परिकल्पना, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची पद्धत नोंदवून ठेवतात.